नापाचे खोरे : दौऱ्यापूर्वीचे एक टिपण

नोकरीच्या निमित्ताने परप्रांतांत हिंडणाऱ्या माणसास एक सवय लागते. नव्या जिल्ह्यात पाऊल टाकण्यापूर्वी तो त्या जिल्ह्याचे गॅझेटियर चाळून पाहतो. बंगल्यात पाणी येते की नाही याची चौकशी पुढे सवडीने होते. परंतु तेथील नद्या कोणत्या, सारा कसा बसला, बाजार कोणत्या वारी भरतो आणि दंगे केव्हा झाले हे आधी ठाऊक असले म्हणजे परके गाव निम्मे तरी ओळखीचे होते. आमची ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ऑक्टोबरच्या आरंभी मुलीकडे कॅलिफोर्नियास जाण्याचे ठरले आणि त्या मुक्कामातील तीन दिवस जावईबापूंनी नापाच्या खोऱ्यासाठी राखून ठेवले, तेव्हा सामानाची यादी करण्याचे काम घरातील दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवून आम्ही त्या खोऱ्याचा इतिहास उघडून बसलो.

पत्रासोबत द्राक्षमळ्यांची आणि भोजनगृहांची एक यादी आली होती. ती वाचताना दोन गोष्टी नजरेत भरल्या. जवळजवळ प्रत्येक मळ्यापुढे ‘भेटीची वेळ आधी ठरवावी’ असा शेरा होता. आणि एवढ्या सगळ्या मळ्यांत बसून जेवण्याची सोय म्हणून जवळपास कोठेच नव्हती. नावाजलेली भोजनगृहे बहुतेक सगळी नापा, यॉन्टव्हिल, सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगा या गावांत होती. वाईन ही त्या लोकांत जेवणाबरोबर घ्यावयाची वस्तू. मग ती जेथे पिकते तेथेच पान मांडावयास अडचण कोणती? जावईबापूंस विचारले तर त्यांनी ‘तिकडे तसा नियम आहे’ एवढेच उत्तर दिले. नियम आहे म्हटल्यावर तो कोणी, केव्हा आणि कशासाठी केला हे पाहिल्यावाचून कचेरीत केस पांढरे झालेल्या माणसास चैन कसे पडावे? प्रस्तुत टिपण त्या अस्वस्थतेतून झाले आहे.

खोरे दिसावयास अगदी लहान. सॅन फ्रान्सिस्कोच्या ईशान्येस सुमारे ८० किलोमीटरांवर ते सुरू होते. लांबी पन्नास किलोमीटरांच्या आसपास. रुंदी कोठे दीड, तर कोठे आठ किलोमीटर. पश्चिमेस मायाकामासची रांग, पूर्वेस वाकाची, आणि मधून नापा नदी. साऱ्या कॅलिफोर्नियाच्या वाईनपैकी केवळ चार टक्क्यांच्या आसपास वाईन येथे होते, हे वाचून आम्हांला आश्चर्य वाटले. नावाचा गाजावाजा पाहता आम्ही निम्मी तरी धरली होती. दुसरे आश्चर्य हवेचे. उत्तरेकडे जावे तशी थंडी वाढावी हा आपला समज; येथे तो उलटा ठरतो. दक्षिणेच्या उपसागरावरून सकाळी धुके चढते, त्यामुळे खोऱ्याचे दक्षिण टोक थंड आणि उत्तरेचे कॅलिस्टोगा उष्ण. म्हणून शार्डोने आणि पिनो न्वार या नाजूक जाती खाली, तर कॅबर्ने सोव्हिन्यों ही जाड सालीची, उशिरा पिकणारी जात वर. खोऱ्यातून दोन रस्ते समांतर धावतात. पश्चिमेचा २९ क्रमांकाचा हमरस्ता गर्दीचा आणि पूर्वेचा सिल्व्हेराडो ट्रेल शांत. मधून मधून त्यांना जोडणारे आडवे रस्ते आहेत. नकाशावर पाहिले तर शिडी जमिनीवर आडवी टाकल्यासारखी आकृती दिसते. दौऱ्याचा कार्यक्रम आखणाऱ्यास ही शिडी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

या भूमीचे मूळ रहिवासी वाप्पो आणि दक्षिणेकडे पात्विन जमातीचे लोक. रोगराईने आणि वसाहतवाल्यांच्या जुलमाने त्यांची वाताहत झाली. द्राक्षाच्या इतिहासात त्यांना सहसा एक ओळ मिळते; आम्हीही त्याहून अधिक देऊ शकत नाही याची खंत वाटते. १८३६ साली जॉर्ज यॉन्ट नावाच्या मनुष्यास मेक्सिकन सरकारने सुमारे १२,००० एकर जमीन इनाम दिली. त्याने लावलेले वेल या खोऱ्यातील पहिले मानले जातात, आणि यॉन्टव्हिल हे गाव त्याच्याच नावाचे.

गंमत अशी की या खोऱ्यात हौशी प्रवासी प्रथम आले ते वाईनसाठी नव्हे, ऊन पाण्यासाठी. आपल्याकडे लोक वज्रेश्वरीच्या कुंडांवर जातात तसे. सॅम ब्रॅनन या सोन्याच्या धामधुमीत गबर झालेल्या व्यापाऱ्याने १८६० नंतर उत्तर टोकाच्या उष्णोदकाच्या झऱ्यांवर एक विश्रामस्थान उभारले, आणि १८६८ मध्ये तेथपर्यंत आगगाडी नेली. न्यूयॉर्ककडे साराटोगा नावाचे असेच झऱ्यांचे गाव प्रसिद्ध होते. आपण ‘कॅलिफोर्नियाचे साराटोगा’ वसवू असे ब्रॅननला म्हणावयाचे होते, पण जीभ अडखळून तो ‘सारिफोर्नियाचे कॅलिस्टोगा’ म्हणून गेला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, गावाचे नाव तेच राहिले. ब्रॅननचा धंदा बुडाला. गाडीमार्ग मात्र उरला. १९८९ पासून त्याच मार्गाच्या एका भागावर प्रवाशांना जेवू घालीत हळूहळू चालणारी ‘वाईन ट्रेन’ धावते. आमच्या यादीत ती होती. दर पाहून आम्ही ती कमी केली.

वाईनचा खरा व्यवसाय सुरू केला तो जर्मन मंडळींनी. चार्ल्स क्रुगने १८६१ साली सेंट हेलेना येथे कारखाना काढला. १८६२ साली याकोब श्राम नावाच्या न्हाव्याने कॅलिस्टोगाच्या खालच्या डोंगरउतारावर जमीन घेऊन श्राम्सबर्ग वसविले. १८७६ साली बेरिंजर बंधू आले. १८७९ साली गुस्ताव्ह नीबाउम या फिनलंडच्या जहाजी कप्तानाने रदरफर्डजवळ इंगलनुक विकत घेतले. ही सगळी नावे आजही बाटल्यांवर वाचावयास मिळतात. ज्यांची नावे मिळत नाहीत त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. श्रामच्या आणि बेरिंजरांच्या टेकड्यांच्या पोटात जी थंडगार तळघरे आहेत, ती चिनी मजुरांनी कुदळी-फावड्यांनी खोदली. त्या भिंतींवर कुदळीचे घाव अद्याप दिसतात. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांस देशात येण्याची कायद्याने बंदी केली. तळघरे राहिली, खोदणारे गेले.

१८८० च्या उन्हाळ्यात श्रामच्या घरी एक किडकिडीत, खोकणारा स्कॉटिश पाहुणा आला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचे नाव. नुकतेच लग्न झालेले, खिशात पैसा नाही, म्हणून सेंट हेलेना पर्वतावरील एका ओसाड रुप्याच्या खाणीच्या पडक्या घरात त्याने बिऱ्हाड थाटले होते. त्या दिवसांवर त्याने लिहिलेले ‘द सिल्व्हेराडो स्क्वॉटर्स’ हे पुस्तक १८८३ साली निघाले. (आपल्या नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियरही त्याच वर्षीचे, हा योगायोग आम्हांस उगाचच सुखावून गेला.) श्रामच्या तळघरात त्याने एकामागून एक वाईन चाखल्या, त्याचे वर्णन त्यात आहे. द्राक्षांसाठी नेमका तुकडा शोधीत फिरणारा शेतकरी आणि सोन्याची शीर शोधीत फिरणारा खाणकरी यांचे साम्य त्याने तेव्हाच हेरले होते. आज लोक पैसे मोजून जी ‘चाखणी’ करतात, तिचे पहिले साहित्यिक वर्णन ते हेच असावे, आणि त्या वेळी ती यजमानाच्या घरची होती. पाहुणा आला, यजमानाने तळघर उघडले, यजमानीण ओसरीवर पाहुण्याच्या बायकोशी बोलत बसली. पुढच्या सगळ्या भानगडी या साध्या आतिथ्याचा धंदा झाल्यापासूनच्या आहेत.

फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने शतक संपेपर्यंत खोऱ्याचा बराच भाग उजाड केला. चिवट खुंटांवर कलमे करून मळे पुन्हा उभे राहतात न राहतात तोच दारूबंदी आली. या प्रकरणाशी मात्र आम्ही जरा रेंगाळणार आहोत. ज्यांनी जुन्या मुंबई राज्यात नोकरी केली किंवा तेथील गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या, त्यांना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि प्रकृतीच्या कारणास्तव मिळणारे परवाने यांची कथा सांगावयास नको. ज्यांची बदली गुजरातेत, किंवा २०१६ नंतर बिहारात झाली आहे, त्यांना तर तो विषय वर्तमानाचाच वाटेल. अमेरिकेतील राष्ट्रव्यापी दारूबंदी १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत चालली. आमची समजूत अशी की या चौदा वर्षांत द्राक्षमळे ओस पडले असतील. वस्तुस्थिती अगदी वेगळी निघाली.

कायद्यात एक कलम असे होते की कुटुंबाने घरच्या उपयोगासाठी फळांचे ‘न मादवणारे’ रस वर्षास २०० गॅलनांपर्यंत करण्यास हरकत नाही. रस किती दिवस ठेवावा याविषयी मात्र घरांवर पहारा ठेवणे शक्य नव्हते. मग काय विचारता? पूर्वेकडील शहरांतील इटालियन आणि इतर कुटुंबांसाठी कॅलिफोर्नियाची द्राक्षे आगगाड्या भरभरून जाऊ लागली. द्राक्षांचे भाव चढले. लागवड घटण्याऐवजी वाढली. द्राक्षांचा वाळविलेला गोळाही विकत मिळे, आणि तो पाण्यात विरघळवून अमुक दिवस ठेवू नये, अन्यथा त्याची वाईन होईल, अशी सावधगिरीची सूचना त्यावर असे म्हणतात. सूचना कसली, ती कृतीच! दुसरी वाट धर्माची. चर्चच्या विधीसाठी वाईनची मुभा होती. रदरफर्डच्या ब्यूल्यू या कारखान्याचे संस्थापक जॉर्ज द लातूर यांचा कॅथलिक धर्मगुरूंशी चांगला घरोबा होता. धर्मविधीची वाईन पुरवून त्यांनी ही सगळी वर्षे धंदा चालू ठेवला, वाढविलाही. बेरिंजरही याच वाटेने तगले.

मग नुकसान झाले ते कोठे? आगगाडीने आठ-दहा दिवसांचा प्रवास सोसेल असे द्राक्ष जाड सालीचे आणि गडद रंगाचे हवे. त्यातून चांगली वाईन होते की नाही हे पाहण्याचे कारण उरले नव्हते. शेतकऱ्यांनी उत्तम जातीचे जुने वेल उपटून आलिकांत बूशे नावाचे टणक वाण लावले. परिणामी, बंदी उठली तेव्हा मळे होते, पण योग्य द्राक्षे नव्हती. पिंपे होती, पण कुजलेली. आणि वाईन कशी करावी हे जाणणारी पिढी पांगली होती. बंदी घालण्यास एक कायदा पुरतो, आणि ती उठविण्यासही एकच. परंतु वेलास चांगली द्राक्षे यावयास तीन-चार वर्षे, आणि कारागीर तयार व्हावयास त्याहून पुष्कळ अधिक लागतात. १९३८ साली लातूर यांनी फ्रान्सहून आंद्रे चेलिश्चेफ या रशियन कुळातील रसायनज्ञास आणले. त्याने कारखान्यातील स्वच्छतेपासून शिकवणीस प्रारंभ केला. पुढच्या पिढीतील बहुतेक नामवंत वाईनकार कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेले.

तरीही १९६० च्या सुमारास खोऱ्यात कारखाने उरले होते ते दोन-अडीच डझन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरावर होते. जमिनीवर अलुबुखारा, अक्रोड आणि गुरे यांचे राज्य होते.

पुढील घटनेला मराठी माणूस एकच शब्द वापरील : भाऊबंदकी. मोंदावी हे इटालियन कुटुंब. वडील चेझारे यांनी १९४३ साली क्रुगचा जुना कारखाना घेतला आणि रॉबर्ट व पीटर हे दोन पुत्र तो चालवू लागले. थोरल्याला जाहिरात, प्रवास, नवे प्रयोग यांचा नाद. धाकटा जपून पाऊल टाकणारा. वडिलांच्या पश्चात, १९६५ साली प्रकरण हातघाईवर आले आणि रॉबर्टला घराबाहेर पडावे लागले. वय ५२. त्याने १९६६ साली ओकव्हिल येथे स्वतःचा कारखाना काढला. जुन्या स्पॅनिश मिशनच्या धाटणीची ती रुंद कमान आणि मनोरा आज बाटल्यांवर छापलेला दिसतो. भावांचा दावा १९७६ पर्यंत चालला व रॉबर्टच्या बाजूने निकाल लागला. म्हातारपणी, २००५ साली, दोघांनी मिळून एक पिंप वाईन केली तेव्हा कोठे सारा गाव निश्चिंत झाला. या गृहस्थाची आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची करणी अशी की त्याने कारखाना बांधतानाच पाहुण्यांसाठी बांधला. माणसे यावीत, हिंडावीत, चाखावीत, गाणे ऐकावे, मोठमोठ्या पाकशास्त्र्यांकडून शिकावे. श्रामच्या ओसरीचे त्याने सभामंडपात रूपांतर केले.

आता तो नियम. १९६० नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या भोवतालची वस्ती झपाट्याने पसरत होती. दक्षिणेस सांता क्लारा नावाचे असेच एक सुपीक खोरे होते. अलुबुखाऱ्याच्या बागांसाठी जगभर नाव असलेले. तेथे काय झाले हे सांगावयास दूर जाण्याची गरज नाही. त्यालाच आज सिलिकॉन व्हॅली म्हणतात, आणि आमच्या मुलीचे घर तेथेच सॅन होजेत आहे. तिच्या रस्त्याच्या नावात ‘ऑर्चर्ड’ हा शब्द आहे. झाड एकही नाही. नापातही वसाहतींचे आराखडे आणि रुंद रस्त्यांचे बेत येऊन ठेपले होते. अशा वेळी, एप्रिल १९६८ मध्ये, नापा काउंटीच्या पाच सदस्यांच्या मंडळाने खोऱ्याचा तळ ‘कृषी-राखीव’ ठरविला. प्रथम सुमारे २३,००० एकर. आज ३०,००० हून अधिक. या टापूत वीस एकरांहून लहान तुकडे पाडता येणार नाहीत, असे ठरले. १९७९ मध्ये ही मर्यादा चाळीस एकर केली. शेती आणि शेतीशी निगडित कामे यांखेरीज जमिनीचा अन्य उपयोग नाही.

आपल्याकडे ‘बिनशेती’ या एका शब्दाने किती तालुक्यांचे नशीब पालटले हे वाचकांपैकी पुष्कळांनी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. म्हणूनच या ठरावाचे मोल त्यांना अधिक कळेल. विरोध कडवा होता. ‘आमच्या जमिनीची किंमत तुम्ही कागदावरच्या एका रेघेने बुडवीत आहां’ असा जमीनदारांचा आक्षेप. आणि त्या दिवशीच्या हिशेबाने तो खोटाही नव्हता. तेव्हा द्राक्षाला फारसा भाव नव्हता. नापाचे नाव पॅरिसला पोहोचले नव्हते. श्राम्सबर्गचे पडके मळे १९६५ पासून पुन्हा उभे करणारे जॅक डेव्हिस यांच्यासारखे समर्थक होते खरे, पण ते नवखे, आणि त्यांच्या हातात पुरावा म्हणून दाखवावयास काही नव्हते. द्राक्षाची शेती पुढे फायद्याची ठरली म्हणून जमीन राखली गेली, असे आज पुष्कळांना वाटते. सनावळ्या उलट सांगतात. जमीन आधी राखली गेली. कीर्ती आठ वर्षांनी आली.

ती कीर्ती कशी आली हे बहुश्रुत वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच व कॅलिफोर्नियन वाईनची बाटल्या झाकून परीक्षा घेतली. नऊ फ्रेंच परीक्षकांनी पांढऱ्यांत कॅलिस्टोगाच्या शातो माँतेलेनाची १९७३ ची शार्डोने, आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने यांना पहिला क्रमांक दिला. दोन्ही नापाच्या. पत्रकार एकच हजर होता, परंतु तो ‘टाइम’चा असल्यामुळे तेवढा पुरला.

त्यानंतर लोंढा सुरू झाला. पाहुण्यांना कपबशा, टोप्या आणि चित्रांचे सदरे विकावेत, आवारात लग्ने लावावीत, बाहेरच्या जिल्ह्यांतून स्वस्त द्राक्षे आणून त्यावर नापाचे नाव डकवावे, हे प्रकार वाढले. वेलाच्या आश्रयाने दुकान उभे राहिले, आणि दुकान वेलाला खाणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा प्रश्न निघाला की वाइनरी म्हणजे काय? कारखाना, शेत, की उपाहारगृह? पुष्कळ वर्षांच्या वादानंतर १९९० साली काउंटीने वाइनरीची कायदेशीर व्याख्या केली. नव्या वाइनऱ्यांच्या वाईनमध्ये ७५ टक्के द्राक्षे नापातलीच हवीत. पाहुणे येतील ते आधी वेळ ठरवूनच. आणि राखीव टापूतील वाइनरीत उपाहारगृह चालविता येणार नाही. पूर्वीपासून ज्यांचे दार सर्वांना उघडे होते त्यांचा हक्क कायम राहिला. त्याच वर्षी मतदारांनी आणखी एक ठराव संमत केला की शेतजमिनीचे वर्गीकरण बदलावयाचे तर ते मंडळाच्या मर्जीने नव्हे, लोकांच्या मताने. २००८ मध्ये त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढविली. बदली होऊन आलेला अधिकारी रात्रीतून फाईल फिरवू शकणार नाही अशी ही तरतूद वाचून आम्ही, खरे सांगावयाचे तर, थोडे ओशाळलो.

जावईबापूंच्या यादीतील दोन्ही कोड्यांचे उत्तर हे असे मिळाले. भेटीची वेळ आधी घ्यावी लागते यास आम्ही प्रथम श्रीमंतांचा तोरा समजलो होतो. करोनाच्या साथीनंतर जुन्या, मोकळ्या दारांच्या कारखान्यांनीही ती पद्धत उचलली, आणि पन्नास डॉलर किंवा त्याहून अधिक चाखणी-शुल्क ही गोष्ट तर निव्वळ व्यापाराचीच. परंतु मुळाशी आहे तो एका लहान जिल्ह्याचा जमीन वाचविण्याचा खटाटोप. आणि भोजनगृहे गावांतच का, याचेही उत्तर तेच. मळ्यांतून हद्दपार झालेली पंगत गावांत येऊन बसली.

या पंगतीचा मान यॉन्टव्हिलला. तेथे १९०० साली बांधलेली दगडी-लाकडी दुमजली इमारत आहे. प्रथम तेथे गुत्ता होता. गावालगत निवृत्त सैनिकांचा आश्रम असल्यामुळे दारूविक्रीवर बंदी आली आणि गुत्ता गेला. १९२० नंतर तेथे एका फ्रेंच गृहस्थाने वाफेवर कपडे धुण्याची भट्टी चालविली. १९७८ साली सॅली आणि डॉन श्मिट या दांपत्याने तेथे भोजनगृह उघडले आणि जुनेच नाव ठेविले, ‘द फ्रेंच लाँड्री’. सॅलीबाई रोज एकच बेत करीत. जो येईल त्याने तोच जेवावयाचा. आपल्याकडील घरगुती खाणावळीहून ही रीत निराळी नाही. त्यापूर्वी त्यांची त्याच गावात एक खाण्याची जागा होती, तिचे नाव ‘चटणी किचन’! कोठली चटणी, कोणाकडून शिकली, हे आम्हांला आढळले नाही, पण त्या नावाने बाईंविषयी आपुलकी वाटू लागली. १९९४ साली टॉमस केलर यांनी ती जागा घेतली, आणि पुढे जगातील नामांकित भोजनगृहांत तिची गणना झाली. सॅलीबाई २०२२ साली वारल्या.

खोऱ्यावरची संकटे संपली आहेत असे नाही. १९८० नंतर फिलॉक्सेरा परतला. विद्यापीठातील तज्ज्ञांनी ज्या एका खुंटाची सर्वत्र शिफारस केली होती तोच किडीपुढे टिकला नाही, आणि हजारो एकर पुन्हा लावावे लागले. शासकीय शिफारशींचा हा अनुभव आमच्या शेतकऱ्यांनाही नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भूकंपाने पिंपांच्या राशी कोसळल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि २०२० मध्ये डोंगरांवरून वणवे उतरले. दुसऱ्या खेपेस सेंट हेलेनाजवळचे मेडोवुडचे प्रसिद्ध भोजनगृह भस्मसात झाले, आणि जी द्राक्षे वाचली त्यांना धुराचा वास लागल्याने पुष्कळांनी त्या वर्षी तांबडी वाईन केलीच नाही. २०१८ साली डोंगरावरील ओकची झाडे तोडून आणखी वेल लावू द्यावेत की नाही यावर मतदान झाले. बंदीच्या बाजूचा ठराव थोडक्या मतांनी पडला. घरांपासून द्राक्षे वाचविणारे लोक आता द्राक्षांपासून जंगल वाचवावे की काय यावर भांडत आहेत. आमचा कौल विचाराल तर जंगलाकडे. पण आम्ही तेथील मतदार नव्हे.

येथे नाशिकची आठवण येणे अपरिहार्य आहे. नारायणगावजवळ श्यामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फेसाळ वाईन केली. नाशिकला राजीव सामंत यांनी १९९९ साली ‘सुला’ उभी केली ती नापाच्या शेजारच्या सोनोमातील केरी डॅम्स्की या वाईनकाराच्या साहाय्याने. म्हणजे या डोंगररांगेपलीकडून गोदाकाठापर्यंत एक धागा आहेच. फरक मोठा तो हवेचा. नापाचा वेल हिवाळ्यात पाने झाडून निजतो. आमच्या नाशिकच्या वेलाला झोप नाही. वर्षातून दोनदा छाटून त्याला आम्ही एकाच पिकावर आणतो, आणि तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येतो. तिकडे ती ऑगस्ट ते ऑक्टोबर. गंगापूर धरणाच्या बाजूने शहर कसे पसरले आहे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी १९६८ च्या त्या ठरावाची प्रत मागवून वाचावी.

आता कार्यक्रम. अनुभवी मंडळींचे मत असे की दिवसाला दोन, फार तर तीन मळे. त्यापुढे जिभेला काही कळत नाही. पहिल्या दिवशी आम्ही सरळ उत्तर टोक गाठणार : सकाळी कॅलिस्टोगाचे झरे, दुपारी श्राम्सबर्गची चिनी मजुरांनी खोदलेली तळघरे. याच ठिकाणची फेसाळ वाईन १९७२ साली पेकिंगमध्ये निक्सन आणि चौ एन-लाय यांच्या भोजनप्रसंगी दिली गेली होती. खोदणाऱ्यांचे नातू-पणतू तेव्हा कोठे होते कोण जाणे. दुसऱ्या दिवशी हमरस्त्याने खाली : सेंट हेलेनास बेरिंजरांचे १८८४ चे घर, मग इंगलनुक, आणि ओकव्हिलला मोंदावींची कमान रस्त्यावरून तरी. बंदी उठताच, १९३४ साली, बेरिंजरांनी लोकांना आत येऊ दिले होते. प्रवासी-व्यवसायाचा श्रीगणेशा तेथला. तिसऱ्या दिवशी सिल्व्हेराडो ट्रेलने स्टॅग्ज लीप, आणि सायंकाळी यॉन्टव्हिल.

गाडी भाड्याची, चालकासह. चाखलेली वाईन गिळलीच पाहिजे असे नाही. शेजारी भांडे ठेवलेले असते. आमच्या आजोबांच्या बैठकीत तस्त असे, त्याची ही विलायती बहीण. सौभाग्यवती वाईन घेत नाहीत, परंतु खुंट, छाटणी आणि पाण्याची पाळी या विषयांत त्यांना आमच्याहून अधिक गती आहे. मळ्यातल्या माणसाशी बोलणे त्यांनीच करावे असे ठरले आहे.

लाँड्रीत मात्र जागा मिळाली नाही. जावईबापूंनी नोंदणी उघडण्याच्या क्षणी प्रयत्न केला; क्षणातच सर्व भरले. मिळाली असती तरी तो दर वाचून घास घशाखाली उतरला असता की नाही याची शंकाच होती. तेव्हा त्या रात्री गावातल्याच एखाद्या साध्या जागी जेवून आम्ही त्या दगडी इमारतीसमोर जाऊन येणार आहोत. रस्त्याच्या पलीकडे त्यांचा स्वतःचा भाजीचा मळा आहे. त्यातून फिरावयास वेळ ठरवावी लागत नाही, आणि पैसेही पडत नाहीत.